पोतदार: खजिनदार, सोनार की दर्यावर्दी?

वंशावळ छापायला जायची होती आणि पहिल्या पानावर 'आडनावाची माहिती' या मथळ्याखाली चार ओळींची जागा तेवढी मोकळी राहिली होती. कुटुंब पोतदारांचं. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, घाटावर. आता बरीच मंडळी पुण्या-ठाण्यात आणि एक शाखा कॅनडात. मी मोडी वाचून देतो, म्हणून घरातल्या जुन्या कागदांचं बोचकं माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर घरातला वादही आला. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, प्रकरण तेवढं मांडतो. अशी आडनावं आपल्याकडे शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्याबद्दलचे घरगुती वाद जवळजवळ एकाच वळणाने जातात.

घरात तीन पक्ष होते. कॅनडातल्या पुतण्याने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं की संस्कृतात पोत म्हणजे जहाज, म्हणून पोतदार म्हणजे जहाजाचा धनी. थोरल्या काकांचं म्हणणं, आपण राजाचे खजिनदार. खजिन्याच्या किल्ल्या आपल्या घरात असत. आणि आजी, वय नव्वदीच्या घरात, त्या दोघांनाही उडवून लावत. "कसला राजाचा खजिना? मामंजी सांगायचे, गावाचा रुपया वाजवून द्यायचं काम आपलं. सोनार आपण, त्यात लपवायचं काय?" यावर काकांचा प्रतिप्रश्न ठरलेला: "आई, सोनार होतो तर आडनाव सोनार का नाही लागलं?"

प्रश्न रागाने विचारलेला असला तरी बिनतोड होता. पुढचं सगळं त्याच्याच मागे गेलं.

जहाजाची गोष्ट आधी संपवू, कारण ती लवकर संपते. संस्कृतात पोत म्हणजे नौका, हे खरं. 'दार' हा प्रत्यय फारसी, म्हणून संस्कृत शब्दाला तो लागणारच नाही, असं काही जण म्हणतात; तो मुद्दा लंगडा आहे. समजदार, पट्टेदार असे जोडशब्द आपण रोज वापरतो. खरा मुद्दा वेगळा. मराठ्यांच्या आरमाराचे आणि कोकणच्या व्यापाराचे कागद मुबलक आहेत. त्यांत गलबतं आहेत, गुराबा आहेत, शिबाडं, मचवे, तरांडी आहेत. माणसांत नाखवा, तांडेल, सारंग आहेत. जहाजावर पोतदार नाही. समुद्रावरच्या हुद्द्यांचीही आडनावं झाली, पण ती नाखवा आणि तांडेल अशी, आणि आजही ती किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत भेटतात. घाटावरच्या गावात सात पिढ्या नांदलेल्या घराला जहाज चिकटवायचं तर आधी समुद्र तिथवर आणावा लागेल. पुतण्याने हे हसून मान्य केलं. नावांचे अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळांचं हे नेहमीचं आहे. शब्दाचा जो तुकडा संस्कृत कोशात सापडेल तो उचलायचा आणि उरलेला सोडून द्यायचा.

पोतदारातला पोत फारसी 'फोता'कडून येतो. फोता म्हणजे कापड, कमरेला गुंडाळायचा पंचा, आणि त्यावरून पैसे बांधायची कापडी थैली. हाच शब्द अरबीत 'फूता' म्हणून आहे आणि आजही त्याचा अर्थ टॉवेल असाच होतो. दुबईला असलेल्या मराठी माणसाने तो दुकानात ऐकला असेल. थैलीवरून थैलीतला पैसा, त्यावरून सरकारी वसूल आणि वसूल ठेवायची जागा, म्हणजे खजिना, असा अर्थ सरकत गेला. मराठीतही 'पोते' या एकाच शब्दाला गोणी आणि खजिना असे दोन्ही अर्थ होते. दुसरा आता बोलण्यातून गेला. दप्तरात मात्र तो जागोजाग आहे. खजिन्यात स्वीकारलं जाणारं नाणं म्हणजे पोतेचाल, खजिन्याच्या शिलकेचा हिशेब म्हणजे पोतेझाडा.

या थैलीवाल्याचं काम काय असे, ते अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलं आहे. खजिनदाराला सध्याच्या बोलीत फोतादार म्हणतात, असं तो स्वच्छ सांगतो आणि मग नियम देतो. रयत जे नाणं आणेल ते घ्यावं, अमुकच नाणं आण म्हणून अडून बसू नये. चालू बादशाही नाण्यावर कसर लावू नये, वजनात जेवढी घट असेल तेवढीच भरून घ्यावी. मागच्या राजवटींची नाणी धातूच्या भावाने घ्यावीत. रोज संध्याकाळी रक्कम मोजावी आणि कारकुनाच्या वहीशी ताळा घ्यावा. खजिन्याच्या दाराला आपलंही कुलूप लावावं आणि वरिष्ठांना कळवल्याशिवाय ते उघडू नये.

मला या यादीत कुलपापेक्षा पहिले तीन नियम जास्त बोलके वाटतात. फोतादाराच्या नियमांत निम्मी जागा नाणं कसं घ्यायचं याने व्यापली आहे. किल्ली सांभाळणं आणि नाणं पारखणं ही दोन कामं एकाच हुद्द्याच्या पोटात सुरुवातीपासून होती. आपल्या प्रकरणातले काका किल्ली धरून बसले होते आणि आजी नाणं.

हा हुद्दा मुघल अमलाबरोबर देशभर पसरला आणि जिथे गेला तिथे आडनाव होऊन बसला. काश्मिरी पंडितांत त्याचं फोतेदार झालं; इंदिरा गांधींचे निकटवर्ती माखनलाल फोतेदार हे नाव जुन्या वाचकांच्या लक्षात असेल. शेखावाटीतल्या रामगडच्या व्यापारी घराण्यांत पोद्दार झालं आणि ते पुढे मुंबई-कलकत्त्याच्या गिरण्या-पेढ्यांपर्यंत पोचलं. बंगालीत पोद्दार म्हणजे नाणी पारखणारा, बदलून देणारा. तिथे एक म्हणही आहे, 'परेर धने पोद्दारी': दुसऱ्याच्या धनावर पोद्दारकी मिरवायची. आपण अशा वेळी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतो. कर्नाटकात बेळगाव-धारवाडकडे पोतदार आहेतच. काकांना ही नातेवाईक आडनावं सांगितली तेव्हा ते खूश झाले, कारण सगळीकडे खजिना दिसत होता. त्यांना थोडं थांबवावं लागलं.

थांबवायचं कारण मराठी राज्याच्या व्यवस्थेत आहे. शिवकाळातल्या बारा महालांत पोते हा एक महाल होता. कोठी, पागा, टंकसाळ, इमारत, थट्टी यांच्या जोडीला. म्हणजे राज्याचा रोख खजिना हे स्वतंत्र खातं होतं. पुढे सरकारी कचेऱ्यांतून जे आठ दरकदार, म्हणजे हुद्देदार अधिकारी, नेमले जात, त्यांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस अशी नावं येतात. खजिन्याशी सरळ संबंध शेवटच्या दोघांचा. रोकड आणि तिचा हिशेब पोतनिसाकडे, दागदागिने, जवाहीर, भारी वस्त्रं अशी किमती चीजवस्त जामदाराकडे. देवस्थानांतून जामदारखाना हा शब्द अजून चालतो, तो हाच. या आठांत पोतदार नाही.

'नीस' म्हणजे लिहिणारा आणि 'दार' म्हणजे ज्याच्या हाती ती वस्तू आहे तो. राज्याच्या खजिन्याचा मानकरी शोधायचा असेल तर मराठी कागदांत आधी पोतनीस शोधावा लागतो. तेही आडनाव झालं; चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत चिटणीस, फडणीस, सबनीस, कारखानीस यांच्या पंगतीला पोतनीस बसलेले दिसतात. पोतदार हा खजिन्यातला हाताने काम करणारा माणूस. येणारं प्रत्येक नाणं त्याच्या बोटांखालून जायचं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पोतदार या शब्दाखाली दोन वाक्यांत प्रकरण मिटवलं आहे: एतद्देशीय राजवटीत खजिन्यात भरणा होणाऱ्या पैशाची पारख करणारा अधिकारी, शिवाय तोच गावचा चांदीकाम करणारा. हा कोश प्रथम १८३१ साली निघाला आणि १८५७ साली सुधारून पुन्हा छापला गेला. जुनी पोतदारी करणारी माणसं तेव्हा हयात होती, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे.

आता गावात येऊ. पोतदाराचं खरं राज्य तिथे होतं.

आज शंभराची नोट सगळीकडे शंभराचीच. पेशवाईतल्या शेतकऱ्याच्या कनवटीला जो रुपया असे तो कुठल्या टाकसाळीचा, कुठल्या साली पाडलेला, किती झिजलेला, यावर त्याची किंमत ठरे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हुकेरी, सुरती, आर्काटी, हाली, अशा कितीतरी जाती बाजारात एकाच वेळी फिरत. टाकसाळी बऱ्याचदा खासगी माणसांना परवान्यावर दिलेल्या, त्यामुळे चांदी कमी घालण्याचा मोह कायमचा. त्यात एकाच जातीचा रुपयाही नवा आणि जुना असा निराळा. मुघल अमलात त्याच सालचा ताजा रुपया सिक्का, चालू राजवटीतला थोडा जुना तो चलनी आणि मागल्या राजवटीतला तो खजाना, अशी उतरंड होती आणि पायरीपायरीने कसर लागे. एकच 'रुपया' पण त्याचे भाव दहा.

ही कसर म्हणजे बट्टा. समजा गावाचा हप्ता शंभर रुपये आहे आणि तो पोतेचाल नाण्यात भरायचा आहे. गावाकडे जमलेल्या रुपयांवर शेकडा तीन बट्टा लागतो. मग शंभर भरायला एकशे तीन रुपये आणि वर जवळपास दीड आणा लागणार. हा दीड आणा कुठून आला? बट्टा वरच्या तीन रुपयांवरही लागतो म्हणून. शेतकऱ्याला ही आकडेमोड कळत नसे असं मुळीच नाही. सारा, पट्ट्या, व्याज यांत मुरलेला माणूस तो. पण कुठल्या नाण्यावर किती बट्टा, हा निवाडा त्याच्या हातात नव्हता. तो निवाडा करायला गावात एक माणूस लागे. ज्याचे डोळे, कान आणि बोटं चांदीला सरावलेली आहेत, घरात काटा, वजनं आणि कसवटीचा दगड आहे, असा गावात एकच गडी. सोनार.

पारख कशी होई ते नीट पाहण्यासारखं आहे. आधी रुपया दगडावर टाकून ऐकायचा. चांगली चांदी खणखणते, आत तांबं किंवा शिसं असेल तर आवाज बद्द येतो. मग काट्यात. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. अकबराचा रुपया साडेअकरा माशांचा होता. त्या मानाने हातातला रुपया किती गुंजा उतरला यावर झीज कळे. कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांचीही लबाडी इथेच उघडी पडे. नंतर छाप पाहायची: अक्षरं, साल, टाकसाळीची खूण. अंकुशी म्हणजे अंकुशाचं चिन्ह असलेला. एवढ्यानेही संशय फिटला नाही तर नाण्याला छिन्नीचा टवका किंवा टोच मारून आतला धातू बघायचा. या भोकाला सुलाख म्हणत. नाणी जमवणाऱ्यांच्या संग्रहात जुने चांदीचे रुपये पाहा; टोचलेल्या खुणांनी आणि सराफांच्या बारीक ठशांनी कित्येकांची तोंडं विद्रूप झालेली असतात. प्रत्येक खूण म्हणजे कुणीतरी एकदा या रुपयावर विश्वास ठेवायला नकार दिला होता.

या कामाचे शब्द आपण अजून बोलतो, काम विसरून. तावून-सुलाखून निघणे, म्हणजे तापवून आणि टोचून पारखून निघणे. नावाला बट्टा लागतो. माणूस वाजवून घेतात. वक्ता खणखणीत बोलतो आणि एखादा बंदा रुपया असतो. चांदीकामाच्या घरातला धंदा गेला तरी भाषेत पोतदार अजून कामावर आहे, असं मी आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बट्ट्याचं नको सांगू, तेवढंच लोक लक्षात ठेवतात."

गावचा पोतदार हा गावकामगार होता. पाटील, कुलकर्णी, चौगुला ही वरची मंडळी. मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी असे बलुतेदार. बलुतेदारांच्या याद्या प्रांताप्रांतात बदलतात. कुठे सोनार अलुत्यांत आहे, कुठे पोतदार या नावाने बारा बलुत्यांत. हा बदल योगायोगाने होत नसावा असं माझं मत आहे. दागिने घडवणारा सोनार गावाला अधूनमधून लागतो, त्याला घडणावळ मिळते. गावाने त्याला खळ्यावर वाटा द्यायचं फारसं कारण नाही. पण हप्त्याच्या वेळी पैसा पारखणारा सोनार अख्ख्या गावाचं काम करतो आणि म्हणून त्याला गावाकडून धान्याचा हक्क मिळतो. तो हक्क ज्या नावावर मिळतो ते नाव पोतदार.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे असं. सोनार ही कला, पोतदारी हे काम. गावात सोनारांची तीन घरं असली तरी पोतदारीचा हक्क एकाचाच असे, आणि हक्क ज्याचा त्याला तो मिरवायलाही हवा असे. भावकीत वाटणीचा तंटा झाला, कागद करायची वेळ आली, की माणूस स्वतःला सोनार म्हणवण्यापेक्षा पोतदार म्हणवून घेणार, कारण खळ्यावरचं धान्य पोतदाराला मिळतं. हुद्द्याने आडनाव गिळण्याचा हा प्रकार वरच्या थरातही चालला. नाना फडणीसांचं मूळ आडनाव भानू, हे किती जणांना आठवतं?

एवढी भूमिका तयार झाल्यावर कागद सोडले. बोचक्यात होतं ते फार भव्य नव्हतं. अशा बोचक्यांत सहसा नसतंच. काही कर्जरोखे, एक वाटणीपत्र, गावखर्चाच्या याद्यांचे फाटके बंद, एकोणिसाव्या शतकातल्या पावत्या. मोडी वाचताना आधी ओळभर शिरोरेषा, तिला लटकलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशा लिखाणात 'पोतदार' हा शब्द सापडला म्हणून नाचण्यात अर्थ नसतो. तो आडनाव म्हणून आला आहे की हुद्दा म्हणून, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. कळतं ते त्याच्या शेजाऱ्यांवरून. म्हणून मी दोन रकाने केले. एकात खजिन्याकडचे शब्द: पोते, पोतनीस, जमा, शिल्लक, वेतन, कमाविसदार (परगण्याचा वसुली अधिकारी), कसबा. दुसऱ्यात गावाकडचे: बलुतं, पेंढ्या, पारख, बट्टा, मौजे, खळं, हक्क. शब्द दिसला की तो कोणाच्या शेजारी बसला आहे ते त्या रकान्यात टाकायचं.

गावखर्चाच्या यादीत पोतदार गुरव आणि कुंभार यांच्यामध्ये बसला होता आणि त्याच्यापुढे धान्याचं माप होतं. वाटणीपत्रात दोघा भावांनी घर, काट्याची पेटी आणि 'पोतदारीचा हक्क' निम्मेनिम वाटून घेतला होता, एका सालाआड एकाने काम करायचं या अटीवर. हा कागद वाचून दाखवला तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी विचारलं ते इतकंच, की ती काट्याची पेटी कुठल्या भावाकडे गेली. आमच्या प्रकरणात आजींची बाजू इथे पक्की झाली. वाटून घेता येतो तो गावचा हक्क. सरकारी खजिन्यातली नोकरी भावाभावांत सालाआड वाटता येत नाही.

एका पावतीने मात्र घोळ घातला. तीत कसब्याच्या कचेरीतला भरणा होता, खाली पारखणाऱ्या पोतदाराचं नाव होतं, आणि ते नाव या घराण्यात दोन पिढ्यांत येतं. काकांचे डोळे चमकले. परगण्याच्या ठिकाणी कमाविसदाराच्या कचेरीत पगारी पोतदार असत, आणि गावातल्या हुशार सोनाराचा मुलगा तिथे लागला असेल हे अशक्य नाही. पण पावतीत बापाचं नाव नाही, गाव नाही. नुसतं नाव जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. त्या काळात चार-पाच देवांच्या नावांवर अख्खा तालुका भागत असे. मी ती पावती वंशावळीच्या मजकुरात घ्यायची नाही असं सांगितलं आणि ती परिशिष्टात नुसती फोटो म्हणून ठेवायला हरकत घेतली नाही. काकांनी तो फोटो पानभर मोठा छापला. छापोत.

चार ओळी शेवटी अशा झाल्या: घराणं गावच्या सोनारांचं, गावाच्या वसुलाच्या पैशाची पारख करण्याचा वतनी हक्क या घराकडे होता, त्या हक्काचं नाव पोतदारी, त्यावरून आडनाव. राजा नाही, जहाज नाही. पुतण्याने इंग्रजी आवृत्तीसाठी 'खजिनदार' असं भाषांतर करून पाठवलं होतं, ते काढायला लावलं. नाणेपारखी असं समजावून सांगायला दोन वाक्यं जास्त लागली, पण लागू देत.

जातीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हा निबंध वाचून कुणी भलताच निष्कर्ष काढेल. पोतदार आडनाव म्हणजे सोनार, असं समीकरण नाही. हे एका घराण्याच्या कागदांचं उत्तर आहे. पोतदार ब्राह्मणांतही आहेत, इतरांतही आहेत. पैसा जिथे पारखायचा तिथे तो ज्याच्याकडून पारखून घेतला, तो पोतदार. कचेरीत हे काम लेखणीवाल्या घरांकडेही गेलं. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांचं आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे: १८९० साली कुलाबा जिल्ह्यातल्या बिरवाडीला जन्म, भारत इतिहास संशोधक मंडळाचा आधारस्तंभ, १९३९ च्या नगरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या आडनावावरून त्यांचं मूळ ठरवायला जाल तर वर सांगितलेला दोन रकान्यांचा खटाटोप पुन्हा करावा लागेल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांकडे रांगा लागल्या आणि त्यात एक गोष्ट रोज दिसते: लोक आडनाव पुढे करतात. धंद्यावरून पडलेलं आडनाव धंदा सांगतं, तोही एखाद्या पूर्वजाचा. जात त्यातून वाचू नये.

हेच काम करणाऱ्यांना दुसरीकडे दुसरी नावं पडली, हे पाहिलं की मुद्दा आणखी उघड होतो. गुजरातेत पारखणारा पारेख झाला, सोन्याचा कस पाहणारा चोक्सी, नाणी बदलून देणारा नाणावटी. अरबी सर्राफाचा मराठीत सराफ, आणि पारशी-गुजराती मंडळींत इंग्रजांच्या तोंडातून श्रॉफ. टाकसाळीवरून आपल्याकडे टाकसाळे. मुंबईच्या एकाच गल्लीत या सगळ्या पाट्या शेजारी शेजारी दिसतील, आणि त्यांच्या खापरपणज्यांच्या हातात एकसारखाच काटा असेल. पोतराज मात्र या पंगतीतला नाही. त्याचा संबंध मरीआईशी आणि दक्षिणेतल्या पोतुराजूशी. नुसत्या 'पोत'वरून त्याला पोतदाराचा भाऊ ठरवणारेही मला भेटले आहेत.

गावची पोतदारी संपली ती कुठल्या बंदीने नव्हे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, गोल, कडेला दाते असलेला. लोक त्याला कलदार म्हणू लागले. जुनी नाणी एका दिवसात गेली नाहीत, काही वर्षं पारख चालूच राहिली. पण सगळ्या रुपयांचं वजन आणि कस एक झाल्यावर बट्टा कशावर लावणार? दातेरी कडेमुळे कातरणंही चटकन दिसू लागलं. खोटा रुपया ओळखण्यापुरतं काम उरलं, आणि तेवढ्यासाठी गाव खळ्यावर धान्य किती दिवस घालणार? आमच्या बोचक्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पावत्यांत पोतदार फक्त नावापुढे येतो, कामापुढे नाही. त्यानंतर शाळेच्या दाखल्यावर ते कायमचं बसलं.

मराठवाड्यातल्या पोतदारांसाठी ही कालगणना चालत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावं. निजामाच्या राज्यात स्वतःचा हाली सिक्का होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशेब तिकडच्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ असे; बाजारात, सोयरिकीत, कर्जात 'हाली की कलदार' हे आधी विचारलं जाई. म्हणजे आपल्याकडे बट्टा म्हणीत जाऊन बसल्यावरही तिकडे तो रोजच्या व्यवहारात होता. तिकडच्या घराण्यांनी शोध १८३५ ला थांबवू नये. कागद मोडीबरोबर फारसीत आणि पुढे उर्दूत असतील, आणि तिथे हुद्दा फोतेदार असा लिहिलेला निघू शकतो. तेव्हा उर्दू वाचणाऱ्याला 'पे'बरोबर 'फे'खालीही बघायला सांगावं.